सोलापूर महापालिकेची सर्वसाधारण सभा: विषयपत्रिकेपासून वर्कऑर्डरपर्यंत

एखाद्या वसाहतीत ड्रेनेज तुंबलेलं असतं. नगरसेवक सांगतात, "विषय सभेत मंजूर करून घेतलाय." पेपरात बातमी येते, गल्लीत फलकही लागतो. वर्ष उलटतं, पाईप काही येत नाही. झोन ऑफिसात चौकशी केली की उत्तर मिळतं, "ठराव आहे हो, पण त्याला लेखाशीर्ष कुठंय?"

सभेत मंजुरी मिळणं आणि काम होणं यांच्यात बरंच अंतर असतं. अडचण बहुतेक वेळा तीनच ठिकाणी असते: विषय चुकीच्या टेबलावर गेला, ठरावाची भाषा ढिली राहिली किंवा पैशाची जागा, म्हणजे अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष, दाखवली नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत आयुक्तच प्रशासक होते. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचेही अधिकार त्यांच्याच हाती होते. एवढी वर्षं सभाच झाली नसल्यानं अनेक नव्या सदस्यांना, पत्रकारांना आणि नागरिकांनाही कामकाजाची सवय राहिलेली नाही. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी टेबल ओळखा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानं अधिकार तीन ठिकाणी वाटले आहेत: महापालिका म्हणजे सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि आयुक्त. महापौर सभा चालवतात, पण महापौरांनी जाहीर केलं म्हणून काही मंजूर होत नाही.

सर्वसाधारण सभेकडं धोरणाचे विषय येतात. कराचे दर, अंदाजपत्रक, महापालिकेच्या जागा आणि गाळे, कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध (कोणती पदं, किती), रस्त्यांना आणि चौकांना नावं देणं, विकास आराखड्यातले फेरबदल ही त्यातली ठळक उदाहरणं. स्थायी समिती १६ सदस्यांची असते, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. तिची बैठक आठवड्यातून एकदा व्हावी असं कायदा सांगतो. निविदा आणि करार हे तिचं मुख्य काम. ठरावीक रकमेच्या आतले करार आयुक्त स्वतःच्या अधिकारात करतात, ही मर्यादा शासन वेळोवेळी बदलतं. म्हणून चालू आकडा मुख्य लेखापालांकडून विचारून घ्यावा, जुन्या नगरसेवकाच्या आठवणीवर जाऊ नये.

दैनंदिन तक्रारी सर्वसाधारण सभेत आणण्यात अर्थ नाही. बंद पडलेला दिवा, न उचललेला कचरा, फुटलेली नळजोडणी यांची जागा झोन कार्यालयात, फार तर प्रभाग समितीत. सभेत ओरडून दिवा लागला तर तो त्या दिवशीपुरता लागतो. पण अख्ख्या हद्दवाढ भागातल्या (शहराची हद्द वाढवून जोडलेल्या) दिव्यांच्या देखभालीचा ठेका कुणाला आणि कोणत्या अटींवर द्यायचा, हा प्रश्न सभेचा आणि स्थायीचा आहे. तक्रारीमागचा धोरणाचा भाग वेगळा काढता आला की अर्धं काम झालं.

तारखांचं गणित

दर महिन्याला किमान एक साधारण सभा, तीही २० तारखेच्या आत, असं कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे. सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघावी लागते. 'पूर्ण दिवस' मोजताना नोटिशीचा दिवस धरत नाहीत आणि सभेचाही धरत नाहीत. सभा २० तारखेला असेल तर १३ ते १९ हे सात पूर्ण दिवस, म्हणजे विषयपत्रिका १२ तारखेपर्यंत हातात पडायला हवी.

सदस्याला स्वतःचा विषय पत्रिकेत घालायचा असेल तर तीन पूर्ण दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. २० च्या सभेसाठी १६ तारीख शेवटची. आयुक्तांना प्रश्न विचारायचा असेल तर मात्र सात पूर्ण दिवस, म्हणजे पुन्हा १२ तारीख. इथंच नवे सदस्य फसतात. पत्रिका वाचून प्रश्न सुचतो, पण तोवर प्रश्नाची मुदत संपलेली असते. उपाय साधा आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच, पत्रिकेची वाट न पाहता, प्रश्न नगरसचिव कार्यालयात देऊन आवक नोंदीच्या शिक्क्याची पोच घ्यावी. पोच नसेल तर प्रश्न दिलाच नाही असं समजायचं.

महापौर सभा बोलवत नसतील तर एकूण सदस्यांपैकी एक चतुर्थांश सदस्यांच्या सहीनं विशेष सभेची मागणी करता येते. निवडून आलेले सदस्य १०२ आहेत, त्यांचा चौथा हिस्सा २५ च्या वर जातो, म्हणून किमान २६ सह्या. स्वीकृत (न निवडता नेमलेले) दहा सदस्य धरून हिशेब केला तर २८. दोन-चार सह्या जादाच घ्याव्यात, कारण ऐनवेळी कुणीतरी सही मागं घेतोच. स्थायीच्या चार सदस्यांच्या लेखी मागणीवर तातडीची सभा तीन पूर्ण दिवसांच्या नोटिशीवर घेता येते, पण अंदाजपत्रकासाठी ही सवलत नाही.

विषयपत्रिका कशी वाचावी

जाडजूड पत्रिका बघून बहुतेक जण आपल्या प्रभागाचं नाव शोधतात आणि मिटवून ठेवतात. हीच मोठी चूक. शहराला महाग पडणारे विषय कुठल्याच प्रभागाच्या नावानं येत नाहीत. ते "…बाबत निर्णय घेणेबाबत" अशा एका ओळीत येतात.

प्रत्येक विषयाला प्रशासनाचा प्रस्ताव जोडलेला असतो. त्यात पुढच्या गोष्टी पेन्सिलीनं खुणा करत शोधाव्यात. विषय कुठल्या विभागाचा आहे, नगर अभियंता, सार्वजनिक आरोग्य अभियंता की गवसु (गलिच्छ वस्ती सुधारणा)? कोणत्या कलमान्वये मंजुरी मागितली आहे? किती रकमेची आहे आणि त्या रकमेत जीएसटी धरलाय की नाही? कुठल्या लेखाशीर्षातून खर्च होणार आणि त्यात आज शिल्लक किती? शेवटी, मागितलंय नेमकं काय?

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. तात्त्विक मान्यता म्हणजे कल्पनेला होकार, तिच्यावर एक रुपयाही खर्च होत नाही. प्रशासकीय मान्यता म्हणजे इतक्या रकमेचं अमुक काम करायला हरकत नाही. तांत्रिक मान्यता अभियंता देतो, सभा नव्हे. कार्योत्तर मान्यता म्हणजे काम किंवा खर्च आधीच झालाय, आता कागद पुरा करायचाय. एकाच पत्रिकेत कार्योत्तर विषय वाढलेले दिसले तर समजावं की सभागृहाला वळसा घालून कामं चालली आहेत. आयुक्तांनी तातडीच्या अधिकारात, म्हणजे कलम ६७(३)(क) खाली खर्च केला असेल तर तातडी नेमकी काय होती हे प्रस्तावात लिहिलेलं असलं पाहिजे. पावसाळ्यात नाला फुटला ही तातडी पटण्यासारखी आहे. सिद्धेश्वर यात्रेसाठी रस्त्यांची डागडुजी ही मात्र तातडी होऊ शकत नाही. गड्डा, म्हणजे या यात्रेचा मेळा, दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास भरतो, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मार्ग सगळ्या शहराला पाठ आहे. तो विषय सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पत्रिकेत दिसला नाही तर निविदा, स्थायी आणि वर्कऑर्डर (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) हे सगळं डिसेंबरअखेर बसत नाही आणि मग कार्योत्तरचीच वेळ येते.

स्थायीच्या पत्रिकेत '५(२)(२)' हे आकडे दिसले तर तिथं थांबावं. निविदा न मागवता थेट करार करण्याची परवानगी देणारी ही तरतूद आहे. कारणं लेखी नमूद करावी लागतात, ती पटतात का ते पाहावं. तशीच दुसरी खूण म्हणजे एकाच रस्त्याची, एकाच गटारीची तीन-चार छोटी कामं. आयुक्तांच्या मर्यादेच्या आत बसवण्यासाठी तुकडे पाडलेत का, हे शेजारी शेजारी ठेवून वाचलं की लगेच कळतं.

जागांचे विषय सावकाश वाचावेत. महापालिकेची जागा भाड्यानं किंवा विक्रीनं देताना मोबदला बाजारभावापेक्षा कमी नसावा, हे कलम ७९ चं सूत्र आहे. महापालिकेच्या मेजर आणि मिनी व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांच्या भाड्याचा वाद शहरानं पाहिलाय. भाडं कमी करण्याचा ठराव सभागृहात लोकप्रिय ठरतो, पण मूल्यांकनाचा कागद जोडलेला नसेल तर तो शासनाच्या दारात अडकतो आणि गाळेधारक वर्षानुवर्षं टांगणीला लागतात. मान्यता देताना मुदत, भाडेवाढीची अट आणि पोटभाडेकरूबाबतची अट एवढं तरी ठरावात आलं पाहिजे.

विकास आराखड्यातल्या आरक्षणाचा फेरबदल असेल तर सभेची मंजुरी ही फक्त सुरुवात. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार सूचना प्रसिद्ध करून हरकती-सूचनांसाठी एक महिना द्यावा लागतो आणि शेवटचा शब्द शासनाचा. प्रस्तावाला नकाशा, सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ जोडलेलं नसेल तर त्यावर हात वर करू नये. शाळेच्या किंवा बागेच्या आरक्षणाचा विषय नुसत्या "फेरबदल करणेबाबत" या दोन शब्दांत येतो, हे ध्यानात ठेवावं.

प्रश्न आणि प्रस्ताव

प्रश्न मत मागणारा, काल्पनिक किंवा कोर्टात चालू असलेल्या वादाबद्दलचा असेल तर तो नाकारला जातो. "जुळे सोलापुरात पाणी कधी सुरळीत होणार?" या प्रश्नाला "कार्यवाही सुरू आहे" हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी असं विचारावं: "गेल्या तीन महिन्यांत उजनी, टाकळी आणि हिप्परगा या तिन्ही स्रोतांतून प्रत्यक्ष किती पाणी उचललं गेलं, पाकणी आणि सोरेगाव जलशुद्धीकरण केंद्रांतून किती बाहेर पडलं आणि जुळे सोलापुरातल्या टाक्यांवर किती पोहोचलं? महिनावार तक्ता द्यावा." तक्ता आला की गळती कुठं आहे ते आपोआप दिसतं. पाणी किती दिवसांआड येतं यावर तासभर वाद घालण्यापेक्षा हा एक तक्ता उपयोगी पडतो.

सभासद प्रस्तावाला सूचक आणि अनुमोदक दोन्ही लागतात. प्रस्तावाचा मसुदा स्वतःच ठरावाच्या भाषेत लिहून द्यावा. भाषण द्याल तर ठराव सभा शाखा लिहील आणि मग त्यात काय उतरेल याचा नेम नाही. प्रस्ताव देण्याआधी संबंधित अभियंत्याकडून अंदाजपत्रक, म्हणजे इस्टिमेट मागून घ्यावं. ते चालू डीएसआर, म्हणजे शासकीय दरसूचीच्या, दरानं केलेलं हवं. जुन्या दराचं इस्टिमेट निविदेच्या वेळी कमी पडतं, ठेकेदार जादा दरानं भरतात आणि फाईल पुन्हा स्थायीसमोर येते.

सभेच्या दिवशी

गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण सदस्यांच्या एक तृतीयांशाची. निवडून आलेल्या १०२ जणांचा तिसरा हिस्सा ३४. स्वीकृत सदस्यांची संख्या आता निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा १० यापैकी कमी असते. त्या हिशेबानं सोलापुरात १० बसतात, सभागृह ११२ चं होतं आणि गणपूर्ती ३८ ची. स्वीकृत सदस्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. आयुक्तही सभेत बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

गणपूर्तीबाबत एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. ती कुणी लक्षात आणून दिली तरच मोजली जाते. दुपारी जेवणानंतर बाकं रिकामी होतात, वीस-पंचवीस जण उरतात आणि तेव्हाच कळीचे विषय पटापट पुकारले जातात. एका सदस्यानं उठून गणपूर्ती नसल्याचं सांगितलं की सभा तहकूब करावी लागते. पण तहकूब झालेल्या सभेत उरलेलं कामकाज गणपूर्तीशिवायही उरकता येतं, तिथं कितीही कमी सदस्य असले तरी चालतं. म्हणून गणपूर्तीचं शस्त्र उगारायचं असेल तर तहकूब सभेच्या तारखेला आपली माणसं हजर राहतील याची व्यवस्था आधी करावी, नाहीतर डाव उलटतो.  तहकूब सभेत नवा विषय मात्र आणता येत नाही.

कामकाज साधारणपणे मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्यापासून सुरू होतं. हा भाग कंटाळवाणा वाटतो, त्यामुळं सदस्य तेव्हा चहाला गेलेले असतात. पण मागच्या सभेत तुम्ही दिलेली उपसूचना (मूळ विषयात सुचवलेली दुरुस्ती) इतिवृत्तात कशी उतरली आहे, हे तपासायची शेवटची संधी हीच. एकदा कायम झालं आणि महापौरांची सही पडली की "मी तसं म्हणालो नव्हतो" याला किंमत उरत नाही.

विषय पुकारला की त्याचे पाच-सहा शेवट असू शकतात: मंजूर, उपसूचनेसह मंजूर, फेटाळला, तहकूब, दप्तरी दाखल (निर्णय न घेता फाईल बंद), समितीकडं किंवा फेरसादर करण्यासाठी प्रशासनाकडं. नको असलेला विषय उघडपणे फेटाळण्याऐवजी दप्तरी दाखल करण्याकडं सभागृहाचा कल असतो. तहकूब झालेल्या विषयाला पुढची तारीख लावून घ्यावी. "पुढील सभेपर्यंत तहकूब" आणि नुसतं "तहकूब" यांत फार फरक आहे, दुसरा विषय महिनोन्महिने वर येत नाही.

उपसूचना हे सभागृहातलं सगळ्यात धारदार हत्यार आहे आणि सगळ्यात जास्त गैरवापरही तिचाच होतो. मूळ विषयाशी संबंध नसलेली विसंगत उपसूचना मागच्या दारानं घुसवली जाते. विषय असतो रस्त्याच्या नामकरणाचा आणि उपसूचनेत एखाद्या ठेक्याची मुदतवाढ. गोंधळ चालू असतो, "उपसूचनेसह मंजूर" एवढंच ऐकू येतं, चिठ्ठी नगरसचिवांच्या टेबलावर जाते. अशा वेळी आरडाओरडा करून उपयोग नाही. उभं राहून एकच मागणी करावी: उपसूचना सूचक-अनुमोदकाच्या नावासह मोठ्यानं वाचून दाखवावी. तरी वाचली नाही तर तिथल्या तिथं कागदावर विरोध लिहून सही करून नगरसचिवांकडं द्यावा आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला सांगावं. पुढं शासनाकडं किंवा कोर्टात जायची वेळ आली तर तोंडी विरोधापेक्षा हा कागद कामाला येतो.

मतदान बहुधा हात वर करून होतं. निकालाबद्दल शंका असेल तर पोल मागावा, म्हणजे कोण कुठल्या बाजूला होतं ते नावानिशी नोंदलं जातं. मतं समसमान पडली तर सभाध्यक्षांना निर्णायक मत असतं. ज्या विषयात सदस्याचा स्वतःचा आर्थिक हितसंबंध आहे त्यावर त्यानं चर्चाही करू नये आणि मतही देऊ नये. नातेवाइकाच्या नावावरच्या ठेक्यावर बोलणाऱ्यांना याची आठवण करून द्यावी लागते.

ऐनवेळचे विषय या नावाखाली पत्रिकेत नसलेलं बरंच काही आणलं जातं. खरोखरच्या निकडीसाठी तरतूद आहे, पण ती अपवाद म्हणून. ज्या विषयाचा कागद हातात नाही त्यावर "माहिती नसल्यानं विरोध" नोंदवणं यात कमीपणा काही नाही.

ठरावाची भाषा

आता सुरुवातीच्या ड्रेनेजकडं येऊ. सभेत नेहमी होतो तो ठराव असा असतो:

"प्रभागातील ड्रेनेजची समस्या गंभीर असल्याने सदर काम तातडीने करण्यात यावे."

यावर अधिकारी काय करू शकतो? काहीच नाही. काम कुठलं, किती, कुठून कुठवर, पैसे कुठले, यातलं काहीच लिहिलेलं नाही. "तातडीने" या शब्दाला लेखा विभागात किंमत नाही. तोच ठराव असा लिहिला असता तर (आकडे नमुन्यापुरते):

"शेळगी येथील … नगरमधील मारुती मंदिर ते मुख्य मलवाहिनीवरील चेंबरपर्यंत ३०० मिमी व्यासाची, सुमारे ४२० मीटर लांबीची ड्रेनेजलाइन चेंबर व रस्ता पूर्ववत करण्यासह टाकण्याच्या, जीएसटीसह रुपये १८,५०,००० अंदाजित रकमेच्या कामास प्रशासकीय मान्यता देण्यात येते. सदर खर्च चालू वर्षाच्या अंदाजपत्रकातील … या लेखाशीर्षातून करण्यात यावा. सार्वजनिक आरोग्य अभियंता यांनी ३० दिवसांत निविदा प्रक्रिया सुरू करून त्याचा अहवाल पुढील सभेपुढे ठेवावा. इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता अंमलबजावणी करण्यात यावी."

यातला प्रत्येक तुकडा एकेका अडचणीचं उत्तर आहे. सुरुवात आणि शेवट लिहिला नाही तर लाईन भलत्याच गल्लीतून जाते. व्यास लिहिला नाही तर स्वस्तातला लहान पाईप पडतो आणि दोन पावसाळ्यांत तुंबतो. मुख्य मलवाहिनीला जोड लिहिला नाही तर पाणी जवळच्या नाल्यात सोडलं जातं. हद्दवाढ भागात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. ठरावाआधी अभियंत्याला उताराची लेव्हल घ्यायला लावावी, मुख्य लाईन वर आणि वसाहत खाली असेल तर नुसत्या पाईपनं भागत नाही. "रस्ता पूर्ववत करण्यासह" हे शब्द गाळले तर खोदलेला रस्ता पुढच्या निविदेपर्यंत तसाच. शेवटची ओळ नसेल तर महिना-दीड महिना ठरावाची प्रतच विभागाला मिळत नाही.

लेखाशीर्ष हा मात्र खरा गाभा. त्यात तरतूद नसेल तर सभेत दोनच प्रामाणिक पर्याय उरतात: दुसऱ्या शीर्षातून वर्गीकरण करायचं, म्हणजे पैसा वळवायचा, तेही कुठल्या कामाचा पैसा कमी होतोय हे नाव घेऊन लिहायचं, नाहीतर काम पुढच्या अंदाजपत्रकात धरायचं. तरतूद शिल्लक नाही हे माहीत असताना मंजूर केलेला ठराव म्हणजे मतदारांच्या समाधानासाठीचा कागद. शासनाच्या निधीतून, म्हणजे नगरोत्थान किंवा दलित वस्ती सुधारणेतून काम घ्यायचं असेल तर महापालिकेचा हिस्सा किती आणि तो कुठून येणार हेही लिहावं. बरेच प्रस्ताव त्या हिश्श्यापाशी अडतात.

ठराव झाल्यावर

ठरावाची प्रत विभागाकडं गेली का, हे आठ-दहा दिवसांत पाहावं. मग तांत्रिक मान्यता, निविदा, दर उघडणं, रक्कम आयुक्तांच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर स्थायीची मंजुरी, करारनामा आणि वर्कऑर्डर. काही अडथळा आला नाही तरी तीन-चार महिने सहज जातात. मध्ये आचारसंहिता लागली की सगळं थांबतं. निवडणूक दिसत असेल तर निदान वर्कऑर्डर तरी आधी निघेल असं पाहावं, निविदेवर फाईल थांबली तर ती पुढं सरकत नाही.

मंजूर ठराव तीन महिन्यांच्या आत बदलायचा किंवा रद्द करायचा असेल तर एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्यांचा पाठिंबा लागतो, हजर असलेल्यांच्या निम्म्यांचा नव्हे. आणि ठराव कायद्याच्या विरोधात किंवा सभेच्या अधिकाराबाहेरचा असेल तर शासन तो कलम ४५१ खाली निलंबित करून नंतर विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. आयुक्तांनी तसा प्रस्ताव पाठवला की "प्रशासनानं आमचा ठराव डावलला" अशी ओरड होते. आधी प्रस्तावातला प्रशासनाचा अभिप्राय वाचला असता तर बऱ्याच वेळा ही वेळ आली नसती.

अंदाजपत्रकाची सभा

वर्षातल्या सगळ्या सभांत हिचं वजन जास्त. आयुक्त अंदाजपत्रक स्थायीला देतात, स्थायी ते दुरुस्त करून सर्वसाधारण सभेकडं पाठवते, ३१ मार्चच्या आत ते मंजूर व्हायला हवं. कराचे दर मात्र २० फेब्रुवारीपर्यंतच ठरवावे लागतात. म्हणून करवाढीला विरोध करायचा असो की पाठिंबा द्यायचा, तो जानेवारीतच उभा करावा लागतो, मार्चच्या सभेतल्या भाषणाचा दराशी संबंध नसतो.

या सभेत जमेची बाजू आधी वाचावी. खर्चाच्या शीर्षांत प्रत्येकजण लाखा-लाखांची भर घालतो, आणि ती भागवण्यासाठी जमेच्या बाजूला वसुलीचे आकडे फुगवले जातात. गेल्या तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुली शेजारी ठेवली की फुगवटा किती ते दिसतं. फुगवलेल्या जमेवर धरलेली प्रभागाची कामं ऑक्टोबरनंतर "निधीअभावी" परत येतात.

नागरिकांनी काय करावं

सर्वसाधारण सभा जनतेला खुली असते. सभागृहानं ठराव करून एखादी चर्चा बंद दाराआड घेतली तरच अपवाद. गॅलरीतून बोलता येत नाही, घोषणा दिल्या तर गॅलरी रिकामी करण्याचा आदेश निघू शकतो. जाताना विषयपत्रिकेची प्रत आणि पेन न्यावं. विषय क्रमांक, निकाल, सूचक-अनुमोदक एवढं टिपलं तरी दुसऱ्या दिवशी उपयोग होतो. सभागृहात तेलुगू, कन्नड, उर्दू कानावर पडेल, पण नोंद मराठीतच होते आणि नोंदलेलंच खरं.

सभेआधी काही मांडायचं असेल तर निवेदन महापौरांना एक, आयुक्तांना एक आणि आपल्या प्रभागातल्या चारही (काही प्रभागांत तीन) सदस्यांना एकेक द्यावं. बहुसदस्यीय प्रभागात "ते दुसऱ्यांचं बघा" हे उत्तर ठरलेलं असतं, सगळ्यांकडं पोच असली की ते देता येत नाही. प्रभाग समितीत सामाजिक संस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींना घेण्याची तरतूद कायद्यात आहे, वसाहतींच्या संस्थांनी ती आग्रहानं मागावी.

ठराव झाल्यावर माहिती अधिकारात अर्ज करावा. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतींना पानामागं २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज "ड्रेनेजबाबत सर्व माहिती" असा लिहिला तर टोलवाटोलवी होते. "अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेतील विषय क्रमांक अमुक यावरील ठरावाची प्रत, मूळ प्रस्ताव, स्वीकारलेल्या उपसूचनेची प्रत, प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश आणि वर्कऑर्डर" असं नेमकं मागावं. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. काम झालं असं सांगितलं जात असेल तर मोजमाप पुस्तिकेच्या, म्हणजे एमबीच्या नोंदींची प्रत मागावी. ठरावात ४२० मीटर असतील आणि एमबीत ४२० भरले असतील, तर टेप घेऊन चेंबर ते चेंबर अंतर मोजायला दोन माणसं आणि एक सकाळ पुरते.